खाडीपलीकडची चौकी

परदेशातला नाविक तळ म्हटले की आज क्यूबाच्या किनाऱ्यावरचे अमेरिकेचे ग्वांतानामो, हिंदी महासागरातले डिएगो गार्सिया किंवा आफ्रिकेच्या शिंगावरचे जिबूती आठवते. दुसऱ्याच्या भूमीवर आपले धक्के, आपली गोदामे, आपली जहाजे आणि त्यांच्या रक्षणासाठी आपलीच सशस्त्र तुकडी, असा हा मामला असतो. तो आपल्यापासून फार दूरचा वाटतो. पण दोनशे वर्षे आपलाच किनारा कोणाच्या तरी परदेशातल्या तळाचा भाग होता. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगिजांना दिली. तेव्हापासून मे १७३९ पर्यंत लिस्बनहून हजारो कोस दूर असलेले हे बंदर पोर्तुगिजांच्या उत्तर प्रांताची राजधानी होते. इथे जहाजे बांधली जात, आरमार थांबे, प्रांताचा कारभार चाले. या तळाची सर्वांत नाजूक चौकी होती ती त्याच्या तटाबाहेर, खाडीच्या दुसऱ्या अंगाला, आजच्या मीरा-भाईंदरच्या हद्दीत. उत्तन, डोंगरी, चौक, पाली, तारोडी ही गावे ज्यावर वसली ते धारावी बेट म्हणजे ती चौकी. मुंबईतल्या धारावीशी याचा संबंध नाही. वसईच्या मोहिमेचा इतिहास आपण वसईच्या बुरुजांपाशी उभे राहून सांगतो. तो धारावीच्या बाजूने पाहिला तर वेगळीच गोष्ट उलगडते. परमुलखातला तळ त्याच्या तटावर टिकत नाही, त्याच्या चौक्यांवर टिकतो. आणि चौक्या टिकतात त्या भोवतालच्या माणसांच्या संमतीवर.

आधी भूगोल पाहायला हवा, कारण या प्रकरणात निम्मे काम भूगोलाने केले आहे. उल्हास नदी समुद्राला मिळते तिथे उत्तरेला वसईचा किल्ला आहे आणि दक्षिणेला धारावी बेट. आज भाईंदरहून निघालेली रो-रो बोट जे पाणी काही मिनिटांत ओलांडते, तेच पाणी वसईचे महाद्वार होते. किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी आणि उत्तरेकडून तेवढी जमीन. म्हणजे जमिनीवरून कोणी वेढा घातला तरी समुद्राकडून धान्य, दारूगोळा आणि माणसे येत राहू शकत होती. ही सोय होती तोवर वसई उपाशी मरण्याची भीती नव्हती. मात्र ती सोय एका अटीवर अवलंबून होती: खाडीच्या तोंडाशी समोरचा किनारा शत्रूकडे नसावा. चौकच्या टेकडीवर तोफा चढवणाऱ्याला खाडीत शिरणारे प्रत्येक गलबत दिसणार होते. पूर्वेकडे, खाडीच्या वरच्या अंगाला, घोडबंदरचे ठाणे होते. हेही आज मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत येते. ठाण्याकडून पाण्याने येणाऱ्या वाटेवर ते नजर ठेवी. एका टोकाला घोडबंदर आणि दुसऱ्या टोकाला धारावी, अशी वसईच्या जलमार्गाची ही दोन नाकी होती.

या नाक्यांवर पहारा कोण देत असे? आजच्या तळांवर असते तशी एकसंध, पगारी, कवायती तुकडी तिथे नव्हती. पोर्तुगालची लोकसंख्याच मुळात थोडी, आणि तिचा पसारा ब्राझीलपासून मकावपर्यंत. त्यामुळे उत्तर प्रांताचे रक्षण तीन थरांत वाटलेले होते. पहिला थर राजाच्या पगारी सैनिकांचा. हे नेहमीच कमी असत. दुसरा थर इथेच लग्न करून स्थायिक झालेल्या पोर्तुगिजांचा. शहरावर संकट आले तर त्यांनी शस्त्र उचलायचे. तिसरा थर जमिनीशी बांधलेला होता. फिरंगाणातली, म्हणजे पोर्तुगीज मुलखातली, गावेच्या गावे सरदार घराण्यांना पिढ्यांच्या मुदतीने दिलेली असत आणि त्या बदल्यात त्यांनी राजाला ठरावीक फाळा भरून घोडा व हत्यारबंद माणसे बाळगायची असत. प्रत्यक्षात बुरुजावर, नाक्यावर, होडीत उभा राहणारा शिपाई बहुधा इथलाच असे: बाटलेला किंवा न बाटलेला कोळी, भंडारी, कुणबी. कागदावर ही व्यवस्था फार हुशारीची होती. राजाच्या तिजोरीला तोशीस नाही आणि किनारा मात्र राखलेला. पण तिच्यात एक खोट होती. जहागीर ज्याची, तो वसईच्या तटाआडच्या वाड्यात राही, आणि चौकीवर उभा असे तो त्याच्या जुलमाखाली नांदणारा माणूस.

ही खोट पहिल्या शंभर-सव्वाशे वर्षांत फारशी जाणवली नाही, कारण समोर तोलामोलाचा शत्रू नव्हता. पुढे मात्र लक्षणे दिसू लागली. १६७२ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने घोडबंदरावर हल्ला केला. तो परतवला गेला, पण नाके कुठे आहे हे मराठ्यांनी ओळखले होते, एवढे त्यातून कळते. १६७४ मध्ये मस्कतचे सुमारे सहाशे अरब वसईजवळ उतरले आणि तटाबाहेरची चर्चे लुटून गेले. किल्ल्यातली शिबंदी आतच बसून राहिली. तळाच्या इतिहासात हा प्रसंग फार बोलका आहे. तट शाबूत होता, तोफा शाबूत होत्या, पण तटाबाहेर पाऊल टाकण्याची ताकद उरली नव्हती. १७२८ साली प्रांताची पाहणी झाली तेव्हाही शिबंदी अपुरी आणि शिस्त ढिली असल्याचे दिसून आले. त्यानंतर ठाण्याला नवा किल्ला बांधायला घेतला. १७३७ उजाडले तरी तो पुरा झाला नव्हता.

त्याच वर्षी मार्चअखेर मराठी फौज रात्रीच्या वेळी खाडी ओलांडून, ठाणे आणि घोडबंदर ज्यावर आहेत त्या साष्टी बेटात उतरली. या उतरण्यामागची तयारी लष्करी होती त्याहून अधिक स्थानिक होती. अंजूरचे गंगाजी नाईक आणि मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे ही माणसे वर्षानुवर्षे पेशव्यांकडे फिरंग्यांच्या जाचाची दाद मागत होती. धर्मसमीक्षणाची (इन्क्विझिशनची) दहशत, देवळे आणि सण यांच्यावरची बंदी, वतनांचा अपहार, अनाथ मुलांना बाटवणे, या तक्रारी साष्टी-वसईत घरोघरच्या होत्या. बाजीराव आणि चिमाजी अप्पा यांच्या मोहिमेला वाटाड्या, बातमी, उताराची जागा आणि भरती-ओहोटीचे ज्ञान या लोकांनी पुरवले. परक्या फौजेला खाडी म्हणजे अडथळा असतो. खाडीत जन्मलेल्या माणसाला ती रोजची वाट असते. ठाणे पडले, साष्टी बेटाचा बहुतेक भाग गेला, घोडबंदर गेले. ज्या नाक्यांवर गोऱ्या अंमलदाराने लक्ष ठेवायचे, त्या नाक्यांच्या पलीकडची आणि अलीकडची माणसे आधीच एकमेकांशी बोलून बसली होती.

मात्र वसई लगेच पडली नाही. ती आणखी दोन वर्षे टिकली, आणि या दोन वर्षांतल्या धारावीकडे नीट पाहिले पाहिजे. मराठ्यांनी बेट घेतले, पोर्तुगिजांनी ते परत जिंकले आणि जपले. बाकी साष्टी हातची गेली असताना आपली मोजकी माणसे त्यांनी या डोंगराळ तुकड्यावर का खर्च केली? समुद्रवाट मोकळी ठेवायची तर हे बेट हाती हवेच, हे त्यांना पक्के ठाऊक होते म्हणून. प्रांताचे नवे सेनापती पेद्रू द मेलु यांनी डिसेंबर १७३८ मध्ये पाण्यातून ठाण्यावर चढाई करून गेलेले परत मिळवण्याचा प्रयत्न केला. त्यात तोफगोळ्याने त्यांचाच बळी गेला. त्यानंतर चिमाजी अप्पा स्वतः मोहिमेवर आले. त्यांनी थेट वसईवर झडप घातली नाही. जानेवारी १७३९ मध्ये केळवे-माहीम आणि तारापूर घेतले. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. मग अशेरी, वेसावे अशी एकेक जागा खुडली गेली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात धारावी पडली. मानाजी आंग्र्यांनी उरण-करंजा घेतले. तिकडे गोव्यावर व्यंकटराव घोरपड्यांची फौज उतरली होती, त्यामुळे खुद्द राजधानीलाच धाप लागली होती. आता वसईला शेजार उरला नाही आणि पाठीराखाही उरला नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. वसई मे महिन्यात पडली ती सुरुंगांनी. उत्तरेकडच्या जमिनीच्या बाजूने मराठ्यांनी मोर्चे तटाला भिडवले, रेमेदियुश आणि सेंट सेबॅस्टियन बुरुजांखाली सुरुंग पेरले, ते उडवून खिंडारांतून एल्गार केले, आणि हजारो माणसे खर्ची घालून किल्लेदाराला शरण यायला लावले. मग दोन महिने आधी पडलेल्या खाडीपलीकडच्या बेटाला हे श्रेय का द्यावे? उत्तर असे की सुरुंगाने तट फोडला, पण तट फुटल्यावर पोर्तुगिजांकडे पर्याय का उरला नव्हता, हे सुरुंगाने सांगता येत नाही. खिंडार पडलेले किल्ले ताज्या कुमकेच्या जोरावर लढले आहेत. वसईत ताजी कुमक येण्यासारखी परिस्थितीच नव्हती. मुंबईच्या इंग्रजांनी थोडी दारू दिली आणि १५,००० रुपयांचे कर्ज दिले, तेही चर्चची चांदीची भांडी आणि पितळी तोफा तारण ठेवून. एके काळी आशियाच्या समुद्रावर हुकूम चालवणाऱ्या सत्तेला देवघरातली चांदी गहाण टाकावी लागली, ती तिची मुलूखवाट आणि पाणवाट दोन्ही आवळल्या गेल्या म्हणून. शिवाय धारावी मोकळी असती तर मराठ्यांना एक डोळा सतत खाडीवर ठेवावा लागला असता आणि उत्तरेच्या मोर्च्यांवर सारे बळ ओतता आले नसते. किल्लेदार काएतानु द सोझा परेरा यांनी १६ मे रोजी शरणागतीच्या कलमांवर सही केली, आणि २३ मे रोजी शिबंदी शस्त्रांसह, ढोल वाजवत, निशाणे मिरवत बाहेर पडली. विजेत्याने एवढ्या मानाने वाट करून दिली यात चिमाजींची उदारता होती तसाच हिशेबही होता: एकटा पडलेला तळ रिकामा होणे पुरेसे होते.

हा नियम फक्त वसईचा नाही. याच पोर्तुगिजांनी तो एकशे सतरा वर्षे आधी इराणच्या आखातात अनुभवला होता. होर्मुझ हा त्यांचा तिथला बलाढ्य तळ, पण त्या खडकाळ बेटावर गोडे पाणी नव्हते. पाणी येई शेजारच्या केशम बेटावरून. त्या विहिरी राखण्यासाठी रुई फ्रैर द आंद्राद यांनी १६२१ मध्ये केशमवर किल्ला बांधला. १६२२ च्या आरंभी इराणी फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे यांनी मिळून आधी केशमची ही गढी घेतली, मग होर्मुझकडे मोर्चा वळवला. काही आठवड्यांत होर्मुझ पडले. मुख्य तळ किती भक्कम आहे याला तिथे फार अर्थ राहिला नाही. त्याचा घास आणि घोट ज्या चौकीतून येत होता ती चौकी गेली होती. केशमची जागा होर्मुझसाठी जी होती तीच धारावीची वसईसाठी होती. पोर्तुगीज हा धडा विसरले असे म्हणता येणार नाही, कारण धारावी परत घेण्याची धडपड त्यांनी केली. पण चौकी परत घेणे आणि ती ज्या लोकांमध्ये उभी आहे त्यांना परत मिळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूने येतो. पोर्तुगीज सत्ता अठराव्या शतकात मोडकळीलाच आली होती. डचांनी तिचे कितीतरी तळ आधीच गिळले होते. तिचा पैसा आणि माणसे ब्राझीलकडे वळली होती. मग चौकी आणि लोकसंमती यांचा एवढा बाऊ कशाला, पडायचे ते पडलेच असते. शिवाय धारावी बेटावरची बरीच गावे ख्रिस्ती होती. डोंगरीचे चर्च सतराव्या शतकाच्या आरंभीचे. ही माणसे तर राजाच्या धर्माची होती. त्यांना दुखावलेली प्रजा कसे म्हणायचे? यातला पहिला भाग अर्धा खरा आहे. सत्ता दुबळी झाली होती, पण वसईपेक्षा दुबळे दमण आणि दीव १९६१ पर्यंत तिच्याकडे राहिले. तेव्हा केवळ दुबळेपणाने वसईचा निकाल लागत नाही. ती गेली कारण तिथे बाहेरचा समर्थ शत्रू आणि आतली दुखावलेली माणसे एकत्र आली. दुसऱ्या भागाचे उत्तर असे की संमती म्हणजे नुसते धर्माचे नाते नव्हे. कोळ्याला मासळीचा धक्का, शेतकऱ्याला फाळ्यात सवलत आणि दोघांनाही अंमलदाराकडून न्याय लागतो. राजाच्या धर्माचे असूनही ते राजाच्या सत्तेचे भागीदार नव्हते. मराठ्यांनीही हे ओळखलेले दिसते, कारण शरणागतीच्या कलमांत ख्रिस्ती रयतेची उपासना आणि काही चर्च राखण्याचे मान्य केले गेले. उत्तन-डोंगरीची ख्रिस्ती वस्ती आजही नांदते आहे. राजवट गेली तरी गाव राहिले.

पुढची सत्ता यातून काही शिकली का? डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेतले आणि साष्टीबरोबर हा किनाराही त्यांच्याकडे गेला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १७७७ मध्ये, कंपनीने मुंबईत मरीन बटालियन उभी केली. जहाजांवर आणि आरमारी ठाण्यांवर पहारा देणे हेच हिचे काम होते. जमीनदाराच्या मर्जीवर सोडलेला शिपाई जाऊन पगारी, कवायती शिपाई आला. मुंबई इलाख्याच्या पलटणींत कोकणातली पोरे मोठ्या संख्येने भरती होत. गंमत अशी की हेच मुंबईचे शिपाई पुढे त्याच केशम बेटावर पोहोचले. १८२० च्या दशकात बेटाच्या पश्चिम टोकाला बासिदू इथे मुंबईच्या आरमाराचे ठाणे वसले आणि त्यावर इकडच्या शिपायांचा पहारा बसला. म्हणजे परमुलखातल्या नाविक तळाचा पहारेकरी आता आपलाच माणूस झाला. मरीन बटालियनची नावे बदलत गेली; १९०३ मध्ये ती १२१ वी पायोनियर्स झाली आणि १९३३ च्या सुमारास बाँबे पायोनियर्सबरोबर मोडली गेली. बासिदूचे ठाणे मात्र दीर्घकाळ टिकले, ते पहाऱ्याच्या जोरावर तेवढेच नव्हे. १८२० मध्ये आखातातल्या शेखांशी तह झाले होते आणि केशम ज्याच्या ताब्यात होते त्या मस्कतच्या सुलतानाची मुभा होती. ही चौकट सोडून त्याच वर्षी केशमवरून निघालेली मुंबईची एक तुकडी ओमानच्या अंतर्भागात बनी बू अलीवर चालून गेली, तेव्हा तिचा मोठा भाग कापला गेला. करारांच्या आत राहिलेली मोजकी माणसे निभावून गेली, आणि करारांबाहेर गेलेली कवायती पलटण गारद झाली. म्हणजे पगार आणि कवायत यांनी शिपाई चांगला होतो. चौकीभोवतीचा मुलूख त्याने आपला होत नाही.

आज प्रश्न उलटा झाला आहे. हा किनारा आता परक्याचा तळ नाही, आपला आहे. पण समुद्राकडून येणाऱ्याला ओळखण्याची गरज गेलेली नाही. १२ ऑक्टोबर २००० रोजी एडनच्या बंदरात इंधन भरायला थांबलेल्या अमेरिकेच्या कोल या युद्धनौकेला स्फोटकांनी भरलेली लहान बोट येऊन भिडली आणि १७ नाविक मेले. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहशतवादी मुंबईत उतरले तेही मासेमारीची बोट बळकावून, शेवटचे अंतर रबरी होडीने कापून. दोन्ही ठिकाणी मोठ्या तोफा आणि मोठी जहाजे जवळ होती. चुकला तो लहान होडीवरचा पहारा. त्यानंतर २००९ मध्ये भारतीय नौदलाने आपल्या तळांच्या आणि बंदरांच्या रक्षणासाठी सागर प्रहरी बल उभारले. किनाऱ्यावर सागरी पोलीस ठाणी आली. त्यांतले एक उत्तनला आहे. २०२० पासून मीरा-भाईंदर आणि वसई-विरार एकाच पोलीस आयुक्तालयाखाली आले, म्हणजे खाडीचे दोन्ही काठ पुन्हा एका नजरेखाली आले. धारावीच्या इतिहासाच्या नजरेतून ही रचना योग्य दिशेची आहे. पण वेगवान बोटी आणि कॅमेरे पुरेसे नाहीत. अनोळखी होडी पहिल्यांदा दिसते ती पहाटे जाळे टाकायला गेलेल्या कोळ्याला, आणि ती खबर तो द्यायला जाईल की नाही हे त्या सागरी ठाण्यात त्याला कशी वागणूक मिळते, त्याचा धक्का आणि त्याचे मासेमारीचे क्षेत्र कोण राखतो, यावर अवलंबून असते. सुरक्षेच्या कारणाने त्याच्या व्यवसायावर निर्बंध घालताना हा हिशेब मांडला नाही तर आपण पोर्तुगिजांचीच चूक नव्या गणवेशात करू.

चौकच्या किल्ल्याचे आज थोडे अवशेष उरले आहेत आणि तिथे चिमाजी अप्पांचा पुतळा उभा आहे. घोडबंदरचा किल्लाही महापालिकेच्या हद्दीत आहे. या दोन जागांना विजयाची स्मारके म्हणून जपणे योग्यच आहे. वसईची मोहीम हा मराठी पराक्रमाचा उच्चांक होता आणि त्यात इथल्या माणसांचे रक्त सांडले आहे. पण तिथे येणाऱ्या शाळकरी मुलाला विजयाच्या तारखेबरोबर आणखी एक गोष्ट सांगायला हवी. वसईच्या खाडीवर पोर्तुगिजांनी दोन शतके पहारा ठेवला आणि तो एका मोहिमेत कोसळला, कारण पहाऱ्याची जबाबदारी त्यांनी ज्या लोकांवर टाकली त्यांना कारभारात वाटा दिला नाही. मराठ्यांच्या यशात तलवारीइतकाच गंगाजी नाईक आणि अंताजी कावळे यांच्यासारख्यांच्या तक्रारी ऐकून घेण्याचा भाग होता. जो कारभार किनाऱ्यावरच्या माणसाची दाद वेळेवर ऐकतो, त्याच्यासाठी उत्तनपासून वसईपर्यंतची प्रत्येक होडी ही चौकी ठरते. जो ऐकत नाही त्याने कितीही चौक्या बांधल्या तरी त्या मोजत बसण्यापलीकडे त्याच्या हाती काही उरत नाही.